इंजेक्शन दिलं होतं, मग पुन्हा स्टेंट कशाला?

मोगरी

नमस्कार मंडळी. आरोग्य विभागात पहिल्यांदाच धागा काढतेय. चुकीच्या जागी असेल तर संपादकांनी हलवावा.

आमचे आबा (सासरे), वय ६१. गाव कळवण तालुक्यात, कांदा आणि थोडं डाळिंब. शेतीची लाईट रात्रीची असते, म्हणून पहाटेच मोटर चालू करायला गेले होते. तिथे छाती जड झाली, घामाने सदरा भिजला. घरी येऊन ओवा खाल्ला, इनो घेतलं आणि पडून राहिले. उलटी झाल्यावर सासूबाईंनी गल्ली गोळा केली, तेव्हा कुठे पुतण्याने गाडी काढली. तालुक्याच्या ठिकाणच्या डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली, गोळ्या चावायला लावल्या, शिरेतून एक महागडं इंजेक्शन दिलं आणि मग अँब्युलन्सने नाशिकला पाठवलं. इथे पोचेपर्यंत दुखणं बरंच थांबलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी अँजिओग्राफी झाली. कागदावर 'एलएडी ८० टक्के' असं लिहिलंय (एलएडी म्हणजे हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त देणारी मोठी धमनी). तेव्हाच स्टेंट टाकला. आता घरी आहेत, बरे आहेत, डाळभात आळणी लागतो म्हणून कटकट करण्याइतके बरे.

भांडण वेगळंच आहे. थोरल्या दिरांचं म्हणणं असं: एक, तालुक्याच्या डॉक्टरांनी तासभर फुकट घालवला, तडक नाशिकला आणायला हवं होतं. दोन, इंजेक्शनने गुठळी विरघळली म्हणतात, मग स्टेंट कशाला? आणि स्टेंटच टाकायचा होता तर इंजेक्शनचे पैसे कशाला? दोघांपैकी एकाने तरी लुबाडलं, एवढं त्यांचं नक्की झालंय. त्या तालुक्याच्या डॉक्टरांना जाऊन जाब विचारायचा म्हणताहेत. कुणी जाणकार असेल तर कृपया सांगा, मी त्यांना वाचून दाखवणार आहे.

कांदेबाग

ताई, आबांना लवकर आराम पडो. आमच्या निफाडकडेही हेच ऐकतो, "आधी इंजेक्शनवाल्याने घेतले, मग फुगेवाल्याने घेतले". उत्तराची वाट बघतोय.

शंकेखोर

दोन्हीकडे कमिशन असतं. बाकी चर्चा कशाला?

निवांत

शंकेखोर, प्रत्येक धाग्यावर तुमचं तेच. जरा थांबा की. झडप आहेत ना इथे, त्यांना लिहू द्या.

झडप

आलो. मी हृदयरोगतज्ज्ञ आहे, नाशिकमध्येच काम करतो. रुग्ण पाहिलेला नाही, पट्टीही पाहिलेली नाही. मोगरींनी लिहिलंय तेवढ्यावरून बोलतोय.

आधी दिरांसाठी थेट उत्तर: त्या तालुक्याच्या डॉक्टरांना जाब विचारायला जाऊ नका. गेलातच तर पेढे घेऊन जा.

आता कारण. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीच्या आतल्या भिंतीवर चरबीचा थर असतो. तो फाटतो, त्यावर गुठळी बसते आणि धमनी बंद होते. ती पूर्ण बंद झाली की पट्टीवर 'एसटी' नावाचा भाग उचललेला दिसतो. त्या धमनीवर अवलंबून असलेला हृदयाचा स्नायू मरायला लागतो, तो आतल्या बाजूने बाहेरच्या बाजूकडे, काही तासांत. मेलेला स्नायू परत येत नाही, तिथे व्रण राहतो. त्यामुळे इलाज एकच, रक्त पुन्हा चालू करणं. कसं केलं यापेक्षा किती लवकर केलं याला महत्त्व आहे. माझ्या मते सगळा वाद इथेच संपतो, पण दिरांना पटायचं नाही म्हणून पुढे लिहितो.

रक्त चालू करायचे दोन रस्ते. एक कॅथलॅबमध्ये, म्हणजे धमन्यांत तार घालायच्या खास खोलीत, मनगटातून किंवा जांघेतून तार घालून फुगा फुगवणे आणि स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी बारीक जाळीची नळी) बसवणे, म्हणजेच अँजिओप्लास्टी. दुसरा गुठळी विरघळवणारं औषध शिरेतून देणे, म्हणजे स्ट्रेप्टोकायनेज किंवा हल्ली बहुधा टेनेक्टेप्लेस. पहिला रस्ता जास्त खात्रीचा, दहातल्या नऊहून जास्त लोकांची धमनी नीट उघडते. टेनेक्टेप्लेसने दीड तासात साधारण दहातल्या सहांची पूर्ण उघडते, स्ट्रेप्टोकायनेजने त्याहून बरीच कमी. एवढं वाचून कुणीही म्हणेल, मग नाशिकलाच या.

पण कॅथलॅब येणार कुठून? आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की पट्टीवर निदान झाल्यापासून १२० मिनिटांच्या आत धमनीतून तार पार होणार असेल तरच रुग्ण हलवा. नसेल तर तिथल्या तिथे, निदानानंतर शक्य तर १० मिनिटांत आणि फार तर अर्ध्या तासात औषध द्या, मग हलवा. आता कळवणहून हिशोब करा. अँब्युलन्स येणार, नांदुरी, वणी, दिंडोरी, म्हसरूळ, पुढे पंचवटीतली गर्दी. दीड ते दोन तास रस्त्यातच गेले. इथे आल्यावर कागद, नातेवाइकांची सही, पहाटे घरी झोपलेली कॅथलॅबची टीम जमवणे. अडीच तास सहज, तीनही होतात. तेवढा वेळ आबांची धमनी बंदच राहिली असती. इंजेक्शनमुळे ती बहुधा वाटेतच, वणीच्या अलीकडे-पलीकडे उघडली. "पोचेपर्यंत दुखणं थांबलं" हे त्याचंच लक्षण.

स्टेंटचं सावकाश लिहितो, ओपीडी संपवून.

रात्रपाळी

आयसीयूत नर्स आहे, म्हणून थोडी भर घालते. इंजेक्शन गेल्यावर साधारण तास-दीड तासाने परत पट्टी काढतात. उचललेली एसटी निम्म्याहून जास्त खाली आली आणि दुखणं गेलं तर धमनी उघडली असं धरतात. आबांच्या फाईलमध्ये दोन पट्ट्या असतील, आधीची आणि नंतरची. त्या शेजारी ठेवून दिरांना दाखवा, डॉक्टर नसलेल्या माणसालाही फरक दिसतो.

रक्त चालू होताना ठोक्यांची लय थोडा वेळ बिघडते. मॉनिटरवर रुंद रुंद ठोके धावायला लागतात, काचेतून बघणारे नातेवाईक किंचाळतात. बहुतेक वेळा ते आपोआप थांबतं, आम्हाला तर बरंच वाटतं. पण कधीकधी खरोखरच घातक लय होते, म्हणून शॉकचं मशीन चालू स्थितीत उशाशी असतं. साध्या जीपमधून आणू नका, सोय असलेल्या अँब्युलन्समधून आणा, असं डॉक्टर म्हणतात ते यासाठी.

आणि एक गोष्ट खेड्यातल्या सगळ्यांनी ऐकाच. छातीत दुखतंय म्हणून कमरेत 'गॅसचं' किंवा दुखण्याचं इंजेक्शन टोचून घेऊ नका. नंतर गुठळी विरघळवणारं औषध द्यायची वेळ आली की टोचलेल्या जागी आत रक्त साचतं. मांडी काळीनिळी झालेले पेशंट आमच्याकडे येतात.

कांदेबाग

रात्रपाळी, हे माहीतच नव्हतं. आमच्याकडे तर कंपाउंडरही आधी सुईच मारतो.

झडप

रात्रपाळींशी शंभर टक्के सहमत.

आता दुसरा प्रश्न. औषध गुठळी विरघळवतं. ज्या थरावर गुठळी बसली, तो थर तसाच राहतो. आबांची अँजिओग्राफी हेच दाखवते: १०० टक्के बंद असलेली धमनी ८० टक्क्यांवर आली, म्हणजे रक्त वाहतंय पण जागा फाटकीच आहे. तिथे पुन्हा गुठळी बसायची भीती पहिल्या काही दिवसांत सगळ्यात जास्त. म्हणून औषध यशस्वी झालं तरी २ ते २४ तासांच्या खिडकीत अँजिओग्राफी करतात आणि गरज असेल तिथे स्टेंट टाकतात. औषध दिल्यावर लगेच तार घालायला गेलं तर रक्तस्राव वाढतो, म्हणून किमान दोन तास थांबायचं. आबांची सकाळी झाली ती अगदी वेळेत झाली.

हेच दोन टप्पे मिळून एक उपचार असतो. तालुक्याने पहिला केला, नाशिकने दुसरा. २०१३ साली 'स्ट्रीम' नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दुखणं सुरू होऊन तीन तासांच्या आत आलेले, पण तासाभरात कॅथलॅब मिळणार नाही असे १,८९२ रुग्ण त्यात होते. निम्म्यांना टेनेक्टेप्लेस देऊन मग अँजिओग्राफी, निम्म्यांना थेट अँजिओप्लास्टी. मृत्यू, हृदय निकामी होणं, शॉक (पंप बंद पडत आल्याने बीपी कोसळणं), पुन्हा अटॅक हे सगळं मिळून पहिल्या गटात १२.४ टक्के, दुसऱ्यात १४.३ टक्के. म्हणजे जवळपास बरोबरीच. औषधाच्या गटातल्या ३६ टक्के लोकांना मात्र धमनी न उघडल्यामुळे तातडीने कॅथलॅबमध्ये न्यावं लागलं. म्हणून इंजेक्शन देऊन तालुक्यालाच ठेवून घेणं हेही चूक. इंजेक्शन द्यायचं आणि निघायचं. आबांच्या डॉक्टरांनी तेच केलं.

शंकेखोर

छान. पण औषधाचा धोका सांगितला नाहीत. डोक्यात रक्तस्राव होतो ना?

झडप

होतो, शंभरात साधारण एकाला, आणि वय वाढेल तसा जास्त. वर सांगितलेल्या अभ्यासातही औषधाच्या गटात १ टक्का आणि दुसऱ्यात ०.२ टक्के होता. त्यात मध्येच ७५ वर्षांवरच्यांचा डोस निम्मा केला, तेव्हा तो कमी झाला. आता तो डोस निम्माच देतात. पूर्वी कधीही मेंदूत रक्तस्राव झालेला, अलीकडे पक्षाघात किंवा मोठं ऑपरेशन झालेलं, कुठून रक्त जात असलेलं, बीपी १८०/११० च्या वर आणि उतरत नसलेलं, महाधमनी फाटल्याची शंका, अशांना देत नाहीत. त्यांना कितीही लांब असलं तरी कॅथलॅबच. देण्याआधी डॉक्टर भराभर हेच प्रश्न विचारत असतात. नातेवाइकांना वाटतं हा बसून गप्पा मारतोय. मोगरी, दिरांचा तो 'फुकट गेलेला तास' बहुधा यातच गेला.

आणि हे औषध फक्त पूर्ण बंद धमनीच्या अटॅकसाठी. दुसऱ्या प्रकारात, म्हणजे जिथे एसटी उचललेली नसते आणि रक्ताच्या तपासणीत ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात येणारं प्रथिन) वाढलेलं निघतं, तिथे ते देत नाहीत. फायदा नाही, तोटा होऊ शकतो. म्हणून पट्टी काढल्याशिवाय इंजेक्शन मागू नका.

घाटवाट

मी सुरगाणा भागात शिक्षक आहे. वाचतोय सगळं, पण तुमचं १२० मिनिटांचं गणित नाशिक जिल्ह्याच्या नकाशावर मांडून दाखवा ना. आमच्याकडून निघालं की १०८ यायलाच वेळ, मग घाट. आमच्यासाठी सरळ नियम काय?

झडप

घाटवाट, चांगला प्रश्न विचारलात. माझा स्वतःचा ढोबळ आराखडा सांगतो. हा कुठल्या पुस्तकात नाही.

नाशिक शहर, सातपूर, अंबड, नाशिकरोड, देवळाली: कॅथलॅब चोवीस तास चालू असलेल्या रुग्णालयात थेट जा. जवळच्या छोट्या नर्सिंग होममध्ये आधी भरती होऊन मग तिथून हलायचं, यात शहरात राहूनही दोन तास जातात. हे मी फार पाहतो आणि याचा मला गावच्या उशिरापेक्षा जास्त राग येतो. गंगापूर रोडवर राहणाऱ्या माणसाला एवढा वेळ लागायचं काय कारण? घरातल्या एकाने आत्ताच, सगळे धडधाकट असताना, चौकशी करून ठेवावी की आपल्या जवळच्या कुठल्या रुग्णालयात रात्री दोन वाजताही अँजिओप्लास्टी होते.

दिंडोरी, पिंपळगाव, सिन्नर, ओझर, त्र्यंबक: वाटेत पट्टी निघत असेल तर काढा, ती व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे पाठवा आणि थेट या. पुढच्या रुग्णालयात टीम आधी जमते. थेट कॅथलॅबमध्ये गेलेला रुग्ण आणि कॅज्युअल्टीत थांबलेला रुग्ण यांत अर्धा तास सहज वाचतो. सिंहस्थाच्या कामांनी रस्ते खोदलेले असले तर हा सगळा पट्टा खालच्या, लांबच्या गावांच्या यादीत जातो, तेव्हा चालकाला विचारून ठरवा.

सुरगाणा, पेठचा घाटाखालचा भाग, कळवणच्या पुढचा, बागलाणचा आतला भाग: जिथे पट्टी आणि इंजेक्शन दोन्ही आहे अशा सगळ्यात जवळच्या ठिकाणी आधी जा. तुमच्यासाठी नियम हाच.

१०८ ला फोन करताना "छातीत दुखतंय, घाम आलाय, हार्ट अटॅक वाटतोय" असं स्पष्ट सांगा. त्यांच्याकडे साध्या आणि शॉक मशीनवाल्या, दोन्ही प्रकारच्या गाड्या असतात. "पेशंट सिरियस आहे" एवढंच सांगितलं तर त्यांना काय कळणार?

निवांत

झडप, एक विचारू? आमच्या शेजारच्या काकांना दोन दिवस 'पित्त' होतं, तिसऱ्या दिवशी पट्टी काढली तर अटॅक येऊन गेलेला. डॉक्टर म्हणाले आता बंद धमनी उघडून उपयोग नाही, गोळ्याच घ्या. घरचे नाराज आहेत, "आम्ही पैसे द्यायला तयार आहोत तरी करत नाहीत". हे बरोबर का?

झडप

काका स्थिर असतील, दुखणं नसेल, बीपी नीट असेल, तर बरोबर आहे. २००६ मध्ये 'ओएटी' नावाचा मोठा अभ्यास आला. अटॅकनंतर ३ ते २८ दिवसांनी पूर्ण बंदच राहिलेली धमनी स्थिर रुग्णांमध्ये उघडली, २,१६६ लोक होते, फायदा दिसला नाही. स्नायू मरून गेला की रक्त पोचवून काय करणार? मात्र दुखणं चालूच असेल, शॉक असेल, फुफ्फुसात पाणी असेल तर उशीर झालेला असला तरी कॅथलॅबमध्ये नेतात.

शंकेखोर, तुमच्यासाठीही इथेच लिहितो. स्टेंटबद्दल संशय घेणं अगदीच चूक नाही. ज्याला अटॅक आलेला नाही, चालताना थोडं दुखतं, थांबलं की थांबतं, अशा स्थिर माणसात स्टेंटने आयुष्य वाढत नाही हे २०२० च्या 'इस्केमिया' अभ्यासात, ५,१७९ लोकांत, दिसलं. तिथे दुसरं मत जरूर घ्या. पण धमनी बंद होऊन स्नायू मरत असताना दुसरं मत घ्यायला बाहेर कॉरिडॉरमध्ये नातेवाईक फोन लावत बसतात, तेव्हा आम्ही हातमोजे घालून आत उभे असतो. दोन्ही प्रसंग एकाच तराजूत घालू नका.

शंकेखोर

ठीक. हे पहिल्यांदा कुणीतरी दोन्ही बाजूंनी बोललं. किमतीचं काय?

कांदेबाग

किंमत मला माहीत आहे, मोठ्या भावाच्या वेळी सगळं पाठ झालंय. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली. औषधाचा लेप असलेला स्टेंट २९,६०० रुपये, साधा ७,२६० रुपये. पुढे निर्देशांकाप्रमाणे थोडी फिरत राहिली. त्याआधी लाखाच्या पुढे लावायचे. बिलात स्टेंटची ओळ वेगळी मागा, कंपनीचं नाव आणि स्टिकर फाईलवर चिकटवलेला असतो. बाकी कॅथलॅब, खोली, डॉक्टरांची फी यावर मर्यादा नाही, बिल फुगतं ते तिथे.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी बसते, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. योजनेतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतो, त्याला भरती होतानाच गाठा. रेशनकार्ड आणि आधार घरून येईपर्यंत उपचार थांबवायची गरज नाही, तातडीच्या वेळी फोनवरून मंजुरी घेता येते. आम्हाला एका ठिकाणी "आधी पैसे भरा, मग बघू" म्हणाले होते, आरोग्यमित्राशी बोलल्यावर सूर बदलला. शालिमारच्या संदर्भ सेवा रुग्णालयातही हृदयविभाग आहे, नंतरच्या तपासण्यांना तिथे जाऊ शकता.

दवबिंदू

उशिरा आले धाग्यावर. लसूण आणि लिंबू-आल्याचा काढा घेतल्याने ब्लॉकेज निघतात असा व्हिडिओ आमच्या भिशीच्या ग्रुपवर आलाय. आणि अटॅक आला की जोरजोरात खोकायचं, त्याने रक्त चालू राहतं, असंही. खरं का?

रात्रपाळी

दवबिंदू, खोकण्याचं अजिबात खरं नाही. त्या वेळात १०८ ला फोन होतो. लसूण भाजीत घाला, छान लागते.

झडप

रात्रपाळींनी माझ्यापेक्षा सभ्य भाषेत सांगितलं.

घरी करण्यासारखं खरंच काही असेल तर ते अ‍ॅस्पिरिन. साधारण ३०० मिलिग्रॅम, चावून, पाण्याबरोबर गिळून नाही. अ‍ॅलर्जी असेल, अल्सरमधून रक्त जात असेल तर नाही. १९८८ मध्ये 'आयसिस-२' हा अभ्यास आला, १७,१८७ रुग्ण. नुसत्या अ‍ॅस्पिरिनने मृत्यू २३ टक्क्यांनी कमी झाले, नुसत्या स्ट्रेप्टोकायनेजने २५, दोन्हींनी मिळून ४२ टक्क्यांनी. एवढ्या स्वस्त गोळीने एवढं काम केल्याचं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही.

जिभेखालच्या गोळीचं (सॉर्बिट्रेट) जरा जपून. बीपी कमी असेल तर ती घेऊन माणूस कोसळतो. हृदयाच्या खालच्या-उजव्या बाजूच्या अटॅकमध्ये हे होतं आणि घरी बसून बाजू कळत नाही. लैंगिक ताकदीच्या (व्हायग्रासारख्या) गोळ्या घेतलेल्यांनी तर नकोच. त्या गोळ्यांचं कुणी घरच्यांसमोर कबूल करत नाही, डॉक्टरांना एकट्याला सांगा.

घाटवाट

आमच्याकडे बायामाणसं छातीत दुखतं असं सांगतच नाहीत. पाठ भरून आली, दम लागला, मळमळतंय, एवढंच.

झडप

हो, आणि मधुमेह असलेल्यांना कधीकधी दुखतच नाही. जबडा, खांदे, पाठ, बेंबीच्या वर जळजळ, नुसता घाम आणि थकवा. चाळिशी-पन्नाशीच्या पुढच्या बाईला अचानक असं झालं तर पट्टी काढायची, बस. आपल्याकडे उशीर मुख्यतः दवाखान्याच्या दारापर्यंत पोचण्यातच होतो. २००८ मध्ये 'क्रिएट' नावाची भारतीय नोंदणी प्रसिद्ध झाली, वीस हजारांहून जास्त रुग्ण. त्यात दुखणं सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोचेपर्यंतचा मध्यक वेळ ३६० मिनिटं होता, आणि पोचल्यापासून इंजेक्शनपर्यंत ५० मिनिटं. सहा तास घरी आणि वाटेत, डॉक्टरांच्या हातात पाऊण-एक तास. भांडायचं कुणाशी ते दिरांनी ठरवावं.

मोगरी

सगळ्यांचे आभार. काल रात्री दिरांना बसवून धागा वाचून दाखवला. ३६० मिनिटांवर सासूबाई आबांकडे अशा बघायला लागल्या की मी मध्येच पाणी आणायला उठले. दोन पट्ट्या शेजारी ठेवल्या, रात्रपाळी म्हणाल्या तशा. दीर बराच वेळ बघत होते. पेढ्यांचं काही बोलले नाहीत, पण जाब विचारायचं बंद झालं.

त्यांचा एक प्रश्न मात्र उरलाय. डिस्चार्ज कार्डावर 'ईएफ ४० टक्के' लिहिलंय (ईएफ म्हणजे हृदय दर ठोक्याला आतल्यापैकी किती रक्त बाहेर ढकलतं ते). "धमनी उघडली, स्टेंट टाकला, मग पंप कमी कसा?" असं विचारताहेत.

झडप

दोन कारणं असू शकतात. पहिलं, मोठी धमनी उघडली तरी तिच्या पुढच्या केसाएवढ्या वाहिन्यांत गुठळीचे कण आणि सूज अडकून रक्त नीट पोचत नाही. दिरांना डाळिंबाच्या भाषेत सांगा: ठिबकची मेन लाईन मोकळी केली तरी ड्रिपर चोंदलेले असले की झाड कोरडंच. धमनी जितका जास्त वेळ बंद, तितकं हे जास्त. रक्त अचानक परत आल्यानेही स्नायूला थोडी इजा होते. त्यावर जगभर औषधं शोधून झाली, खात्रीचं असं हाताला लागलेलं नाही.

दुसरं कारण आशेचं आहे. काही स्नायू मेलेला नसतो, बधिर झालेला असतो. तो काही आठवड्यांत कामाला लागतो. म्हणून पहिल्या इकोवर (हृदयाच्या सोनोग्राफीवर) विसंबू नका, सहा आठवडे ते तीन महिन्यांत पुन्हा इको करा. ४० चे ५० झालेले मी पुष्कळ पाहिलेत, न झालेलेही पाहिलेत.

तोपर्यंत गोळ्या. रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या साधारण वर्षभर, त्यातली एकही स्वतःच्या मनाने बंद नाही. दात काढायचा आहे, डॉक्टर म्हणाले गोळी थांबवा, असं झालं तर आधी हृदयाच्या डॉक्टरांना फोन. नव्या स्टेंटमध्ये गुठळी बसली तर पहाटेचा तोच प्रकार पुन्हा, आणि त्या वेळी नशीब साथ देईलच असं नाही. कोलेस्टेरॉलची गोळी रिपोर्ट नॉर्मल आला तरी चालूच राहते. तंबाखू, मिश्री, विडी यातलं काही असेल तर आजपासून बंद. मोगरी, तुम्ही लिहिलं नाहीत, पण एकसष्टीचा शेतकरी म्हणजे चुन्याची डबी असणारच, असं धरून चालतोय.

मोगरी

डबी होती. सासूबाईंनी चुलीत टाकली, चुना-तंबाखूसकट.

शेवटचं विचारते. आबा दरवर्षी चैत्र यात्रेला सप्तशृंगी गडावर पायी जातात, नांदुरीहून चढून. यंदा चालेल का? रोज विचारताहेत.

झडप

यंदा पायी नको. आधी सपाटीवर रोज थोडं चालणं, हळूहळू वाढवत, दम न लागता बोलता येईल एवढ्याच वेगाने. सहा आठवड्यांनी डॉक्टर तपासून काय ते सांगतील. देवीला जायचंच असेल तर गाडीने वर जा आणि पुढे ट्रॉली आहे, पायऱ्या चढायची गरज नाही. यात्रेच्या गर्दीत तर नकोच, नंतर एखाद्या साध्या वारी जा. खिशात गोळ्यांची यादी आणि डिस्चार्ज कार्डाचा फोटो मोबाईलमध्ये.

मोगरी

सांगितलं. म्हणतात, ट्रॉलीने गेलं तर यात्रा कसली. सासूबाई म्हणाल्या, मग घरी बसा. आता ट्रॉलीला तयार आहेत.